घोडामैदान

कारधा हे आमचे गाव तुम्ही पाहिलेले नसले, तरी त्याचे नाव तुमच्या कानावरून गेले असण्याचा संभव आहे. पावसाळ्यात वैनगंगा भरून वाहू लागली, की भंडाऱ्याच्या बातम्यांत आमच्या गावाला मानाचे पान मिळते. ‘कारधा येथील पातळी अमुक मीटर’ असे दररोज सांगितले जाते. 245.50 मीटर ही धोक्याची खूण. तो आकडा आमच्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो. पण गंमत अशी, की पातळी एकच असली तरी तिच्याविषयीची मते मात्र घरागणिक निराळी! ज्याचे जोते उंच, तो सुपारी कातरीत म्हणतो, “काही होत नाही जी, दरवर्षीचंच आहे.” ज्याचे घर सखलात, तो आदल्या दिवसापासूनच धानाची पोती माळ्यावर चढवू लागतो. 2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्यप्रदेशातील संजय सरोवराचे पाणी सुटले आणि नदी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत नि काठच्या कितीतरी गावांत शिरली. तेव्हा उंच जोत्यांची मतेही एका रात्रीत बदलली. माणसाचे मत पुष्कळदा पाण्यावर नसते, ते जोत्यावर असते. हे शहाणपण पुढे मला एका मोटरसायकलच्या खरेदीत उपयोगी पडेल, असे मात्र तेव्हा स्वप्नातही आले नव्हते.

वास्तविक मोटरसायकल आणि मी यांचे नाते फारसे जिव्हाळ्याचे नाही. पस्तीस वर्षे मी मास्तरकी केली. ती निम्मी सायकलवर आणि निम्मी शंभर सीसीच्या एका गरीब स्वभावाच्या गाडीवर. त्या गाडीने मला कधी पाडले नाही आणि कधी वेळेआधी पोचवलेही नाही. तेव्हा ‘स्पोर्ट्स बाइक’ या विषयात मी लक्ष घालावे, असा योग माझ्या पत्रिकेत नव्हता. तो आणला माझ्या भाच्याने.

माझी धाकटी बहीण गावातच राहते. दोन एकर धान, एक म्हैस आणि एक मुलगा, एवढा तिचा संसार. मेहुणे जाऊन नऊ वर्षे झाली. पोरगा पदविका घेऊन नागपूरला एका कारखान्यात लागला. नागपूर आमच्यापासून पासष्ट एक किलोमीटर. पहाटे अंधारात निघायचे, पूल ओलांडून भंडाऱ्याला एस.टी. धरायची आणि रात्री नऊला जेवायला घरी, असा त्याचा क्रम. गाडी चुकली की मित्राच्या खोलीत जमिनीवर पथारी. त्या रात्री बहिणीच्या घरचा दिवा उशिरापर्यंत जळत असे. येणार नाही असा फोन आलेला असला तरी जळत असे.

एके दिवशी भाच्याने आमच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक तर नागपूरला खोली घ्यायची आणि आठवड्याने घरी यायचे. नाही तर मोटरसायकल घ्यायची. “मोटरसायकल घेतली म्हनजे रोज घरी येतो, मामाजी. आईले एकटं ठेवाचं काम नाही.” आणि मोटरसायकल म्हणजे आपली शंभर सीसीची गोगलगाय नव्हे, तीन-चारशे सीसीची, वाकून बसायची, पाण्याने थंड होणारी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

बहिणीच्या मनात दोन भीती एकमेकींशी भांडू लागल्या. एक रिकाम्या खाटेची, आणि दुसरी अपरात्री वाजणाऱ्या फोनची. आमच्या दारावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 सुरत-हजिराकडून निघून ओडिशातील पारादीपला समुद्राला भेटतो. पूर्वी त्याला सहा क्रमांक होता. क्रमांक बदलला, ट्रक तेच राहिले. रात्री त्यांचे दिवे पुलावरून असे ओळीने येतात, की एखाद्या वरातीलाही हेवा वाटावा. त्या वरातीतून आपला मुलगा वाट काढीत घरी येणार, या कल्पनेने तिने डोळे मिटले. आणि डोळे मिटल्यावर तिला रिकामी खाट दिसली. मग तिने माझ्याकडे पाहिले. मास्तरला सगळे कळते, हा तिचा लहानपणापासूनचा समज. तो मोडण्याचे धाडस मला आजवर झालेले नाही.

आता, घरातील वडीलधाऱ्या वाचकांसाठी या प्राण्याची थोडी ओळख करून देतो. मध्यम आकाराची स्पोर्ट्स मोटरसायकल म्हणजे साधारण अडीचशे ते चारशे सीसीची गाडी. मूठ खाली, पाय मागे, त्यामुळे स्वार साष्टांग नमस्काराच्या बेतात असल्यासारखा दिसतो. आपल्याकडे ही जात तशी अलीकडची. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी 350 वरून बेतलेली राजदूत 350 आणली. पण त्या काळच्या कुटुंबवत्सल गिऱ्हाइकाने पहिला प्रश्न विचारला, ‘लिटरला किती देते?’ आणि उत्तर ऐकून तो निघून गेला. आज तीच गाडी हौशी माणसे शोधीत फिरतात आणि मागेल ती किंमत मोजतात. गाडी बदलली नाही, विचारणारा बदलला! 2001 मध्ये बजाजची पल्सर आली आणि तरुणांना वेगाची गोडी लागली. हे बजाज म्हणजे आमच्या विदर्भातील वर्ध्याच्या जमनालालजींच्या घराण्याचे. त्यामुळे आम्ही त्यांना अजून आपलेच समजतो. पुढे त्यांनी ऑस्ट्रियाच्या केटीएमशी हातमिळवणी केली. 2012 मध्ये ड्यूक 200, 2013 मध्ये ड्यूक 390 आणि 2014 मध्ये आरसी 390 अशा गाड्या पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडल्या. टीव्हीएस, यामाहा, होंडा, कावासाकी यांनीही आपापले घोडे मैदानात सोडले.

या गाड्यांचे एक वैशिष्ट्य असे, की ज्या वयात माणूस त्या घेतो, साधारण त्याच वयात विकतोही. लग्न ठरते, बदली होते, पाठ धरते, मूल होते. त्यामुळे जुन्या बाजारात त्या मुबलक. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला आणि त्यावरच्या गाड्यांवरचा 40 टक्के झाला. तेव्हा साडेतीनशेच्या पलीकडच्या गाडीचे वेड असलेल्या, पण खिसा अलीकडचा असलेल्या मुलाने जुन्याकडे वळावे, यात नवल नव्हते.

मी मास्तर. कोणतीही गोष्ट वहीत उतरवल्याखेरीज मला ती खरी वाटत नाही. मी दोनशे पानी वही आणली, तिच्यावर ‘मालकांची मते’ असे लिहिले आणि मामा-भाचे दोन महिने मते गोळा करीत हिंडलो.

पहिले मत नागपूरच्या एका डॉक्टरांचे. त्यांनी गाडी नवी घेतलेली, चार वर्षांत नऊ हजार किलोमीटर चाललेली. रविवारी सकाळी रामटेकपर्यंत जायचे, मंदिराच्या पायथ्याशी चहा प्यायचा आणि परत यायचे. “गाडी म्हणजे लोणी!” ते म्हणाले. खर्च किती येतो, असे विचारल्यावर त्यांनी असे पाहिले, की जणू मी देवाच्या मूर्तीचे वजन विचारले. मी वहीत लिहिले : जोते उंच.

दुसरे मत तुमसरकडच्या एका राईस मिलवाल्यांच्या चिरंजीवांचे. हे दुसरे मालक. यांनी गाडीचे वर्णन हातवारे करून केले. त्यांत शब्द कमी आणि ‘सुंईऽऽ’ असे आवाज जास्त होते. लिटरला किती देते, या प्रश्नावर ते मनापासून हसले आणि म्हणाले, “काकाजी, पन्नासच्या खाली चालवाची असन त म्हैस घ्या.” दोन वर्षांत मागचे टायर दोनदा बदलले, हे त्यांच्या नोकराने सांगितले.

तिसरे मत साकोलीच्या एका तरुण वकील मुलीचे. ती स्वतः अशी गाडी चालवते, हे ऐकून माझी बहीण दोन मिनिटे नुसती पाहतच राहिली. तिने सीटची उंची सांगितली, गाडीचे वजन सांगितले, उभ्या गाडीला मागे ढकलताना चढ असेल तर काय फजिती होते तेही सांगितले. पण तिचे खरे मत होते कागदांविषयी. तिने पहिली गाडी विकली ती विश्वासावर. घेणाऱ्याने नाव बदललेच नाही. पुढे त्याच्या वेगाचे दंड हिच्या नावावर येऊ लागले. “दंडाचं सोडा, काका,” ती म्हणाली, “उद्या त्याने कुणाला उडवलं असतं तर?” सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितले आहे, की गाडी कितीही हातांतून गेली, तरी नोंदवहीत ज्याचे नाव, तोच नुकसानभरपाईपुरता मालक. म्हणून विकणाऱ्याने नमुना 29, घेणाऱ्याने नमुना 30. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना 35. आणि विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांच्या आत. विकणाऱ्याचा ‘नो क्लेम बोनस’ त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. आमच्याकडे मध्यप्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही जवळ. तिकडच्या पाटीच्या गाड्या स्वस्त मिळतात. पण त्यांना तिकडचे ना-हरकत पत्र म्हणजे नमुना 28 लागतो आणि इकडचा कर नव्याने भरावा लागतो. मग स्वस्ताई पुलाच्या अलीकडेच संपते.

चौथे मत जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील एका कामगाराचे. हा मनुष्य तीच गाडी रोज वापरतो. त्याने ना ‘लोणी’ म्हटले, ना ‘सुंई’. तो म्हणाला, “मे महिन्यात भंडाऱ्याच्या बाजारात ही गाडी पहिल्या गियरात चालवून पाहा. पंखा सुरू झाला की मांडीवर भाकर भाजते. वाकून बसल्यानं मनगट दुखते. पन थांबते कशी ते इचारा! पुढं रानडुक्कर आलं, दोन्ही ब्रेक दाबले, गाडी सरकली नाही, सरळ उभी राह्यली.” हे ब्रेक म्हणजे एबीएस. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. ब्रेक कितीही दाबला तरी चाक जाम होऊ न देता ते फिरते ठेवून थांबवायचे, ही त्याची युक्ती. माझ्या गरीब गाडीला ते नव्हते. भाच्याच्या बाजूने वहीत ही एक मोठी नोंद झाली, आणि मी ती लाल शाईने केली.

पण त्याच माणसाने आपली हिशेबाची डायरीही माझ्यापुढे ठेवली. पेट्रोल, साखळीचे तेल, ब्रेकचे पॅड, टायर, कूलंट, सर्व तारखांसह. लिटरला सरासरी अठ्ठावीस. मी ती डायरी पाहत असता भाच्याने उगीचच चहाचा कप उचलला. कपात चहा नव्हता.

घरी येऊन मी पाटीवर मांडावे तसे गणित मांडले. जाऊन-येऊन 130 किलोमीटर, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 3250 किलोमीटर. लिटरला 28 प्रमाणे 116 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर बारा हजारांच्या वर. शिवाय या चालीने मागचे टायर वर्षाला दोनदा तरी. भाच्याचा पगार हातात बावीस हजार. आणि नागपूरच्या खोलीचे भाडे, दोघांत वाटून घेतले तर, तीन हजार. शंभर सीसीची गाडी घेतली तरी पाच-सहा हजारांचे पेट्रोल, आणि एस.टी.चा पास त्याहून स्वस्त. म्हणजे रोज घरी येण्यासाठी जे वाहन सर्वांत अडचणीचे, नेमके तेच घरी येण्याच्या नावाखाली घ्यायचे ठरत होते.

बहीण चुलीपाशी होती. मी आकडे मोठ्याने वाचले होते, मास्तरांना हळू वाचता येत नाही. भाचा खाली पाहत होता. हे गणित त्याला ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. पदविकेला त्याला गणितात चांगले गुण होते. त्याला गाडी हवी होती. चोविसाव्या वर्षी ती हवीशी वाटणे यात वाईट असे काही नाही. पण बाप नसलेल्या घरात मुलगे स्वतःसाठी काही मागायला शिकतच नाहीत. जे हवे ते आईच्या नावावर मागतात. आणि आया ते ओळखूनही बोलत नाहीत, कारण बोलले तर पोरगे पुढच्या वेळी तेवढेही मागणार नाही.

माझी बहीण बोलली. पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, “तुले गाडी पायजे असन त गाडीसाठीच घे, बापू. पन माह्यासाठी घेतो म्हनू नोको. उद्या काही झालं, त मी कोनाले तोंड दाखवू?”

पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “पायजे, आई.” दोनच शब्द, पण गेल्या नऊ वर्षांत त्या घरात ते कोणी उच्चारले नव्हते.

त्यानंतर सगळे सोपे झाले. खोली नागपूरला घ्यायची. रोजचे जाणे-येणे खोलीपासून, कारखान्याच्या बसने. गाडी शनिवारी घरी येण्यासाठी, आणि उजेडी. सोमवारी पहाटे नव्हे, रविवारी चारला निघायचे. रात्र झाली तर निघायचेच नाही. पैसे त्याचे स्वतःचे साठलेले. तिचे एकही नाही. शिरस्त्राण मात्र ती घेऊन देणार, आणि ते नवे, जुने नव्हे. हे कलम तिने स्वतः वहीत लिहायला लावले. घरची खाट आठवड्याचे पाच दिवस रिकामी राहणार, हे त्या कलमांत कोठे लिहिलेले नव्हते. ते तिने न लिहिताच मान्य केले होते.

आता उरली पारख. माझे वडील बैल घ्यायला बाजारात जात, तेव्हा मी त्यांच्याबरोबर असे. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे, की जुळलेला आहे, हे ते तोंड उघडून पाहत. मग त्याला उठवीत, बसवीत, दहा पावले चालवीत. दर ठरायचा तो रुमालाखाली, बोटांच्या खुणांनी. शेवटी मालकाला ते एकच विचारीत, “काहून इकून राह्यला?” आणि उत्तर ऐकताना बैलाकडे न पाहता मालकाकडे पाहत. गाडीच्या बाबतीत दात पाहण्याचे काम आमच्या गावच्या मिस्त्रीने केले. त्याने शिकवले ते सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगतो.

गाडी पाहायला जाण्यापूर्वी मालकाला सांगावे, की सुरू करून ठेवू नका. आणि गेल्या गेल्या इंजिनाला हात लावून पाहावा. ते गरम असेल, तर गार असताना सुरू व्हायला खळखळ करीत असावे. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातले. गाडी 2021 ची आणि टायर 2024 चे असेल, तर मीटरवरचे दहा हजार किलोमीटर जरा जपून वाचावेत. साखळी मागच्या चकतीवरून ओढून पाहावी. दाते उघडे पडू लागले तर खर्च तयार. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचे कडे दिसते का पाहावे. पुढचे चाक उचलून मूठ हळूहळू फिरवावी; मध्यावर खाचेत अडकल्यासारखी झाली, तर मानेचे बेअरिंग गेलेले. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागल्यावर विझला पाहिजे. मुठीची टोके, ब्रेकच्या दांड्या, पाय ठेवायच्या खुंट्या डाव्या-उजव्या ताडून पाहाव्यात; एक बाजू जुनी आणि एक नवीकोरी असेल, तर गाडी त्या अंगावर झोपलेली आहे. आणि सांगाड्यावरचा नंबर कागदाशी अक्षर अक्षर जुळवावा.

पहिली गाडी आम्ही पाहिली ती नुकतीच धुतलेली, पुसलेली, नवरदेवासारखी. इंजिनाला हात लावला, गरम. उजवी मूठ नवी, डावी जुनी. मालकाने गाडीची स्तुती इतकी केली, की ती तो विकतो तरी का, हेच समजेना. भाचा मात्र तिच्याभोवती फिरत होता आणि त्याच्या डोळ्यांत पोळ्याच्या दिवशीचा आनंद होता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहून मान हलवली. परत येताना पोरगा लाखनीपर्यंत बोलला नाही. मीही बोललो नाही. नकार पचायला दहा-पंधरा किलोमीटर लागतातच.

दुसऱ्या वेळी बहीणही बरोबर आली. ही गाडी एका तरुण शिक्षकाची. नाव सांगत नाही, ना माणसाचे, ना गाडीचे. त्याने गाडी झाकून ठेवली होती, धुतली नव्हती. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्याने मोजायला सुरुवात केली : साखळी आणखी तीन हजार किलोमीटर चालेल, मग बदला, एकदा उभी असताना डावीकडे पडली, ही पाहा खूण, उन्हाळ्यात तापते, मागचे टायर गेल्या वर्षीचे. सर्व्हिसच्या पावत्या त्याने एका पिशवीत ठेवल्या होत्या. इंजिन गार होते, आणि एका हाकेत सुरू झाले.

बहिणीने वडिलांचा प्रश्न विचारला, “काहून इकून राह्यला, बाबू?”

तो हसला. आतल्या दाराकडे पाहत म्हणाला, “आता आम्ही तिघे होणार, काकू. हिच्यावर मागे एकाचीसुद्धा धड सोय नाही.” दारात त्याची बायको उभी होती, तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. माझ्या बहिणीने उठून तो तिच्या हातातून घेतला आणि तिला आधी बसायला सांगितले. सौदा तेथेच झाला. दर एक लाख साठ हजार होता, तो रुमाल न टाकताच एक लाख बावन्नवर आला. दोघांनी नमुन्यांवर सह्या केल्या आणि नाव बदलून आल्यावर भाच्याने त्या शिक्षकाला कागदाची प्रत पाठवली. साकोलीच्या वकीलबाईंचा तो सल्ला होता.

त्याला आता वर्ष होत आले. शनिवारी पाचच्या सुमारास पुलाकडून एक आवाज येतो. आमच्या आळीतल्या म्हशीही आता त्याने बुजत नाहीत. दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडतो, भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. पण मंडईचे नाटक संपायला पहाट होते, म्हणून तेथे तो पायी जातो. वैनगंगेच्या पलीकडे ढग भरून आले, की त्याचा फोन येतो, “आज येत नाही, आई, पानी आहे.” त्या दिवशी बहीण दिवा वेळेवर मालवते. येणार म्हणून सांगून न येणारा मुलगा आणि न येणार म्हणून सांगणारा मुलगा, यांत केवढे अंतर आहे, ते तिच्या झोपेला ठाऊक.

परवा आमच्याच गावचा एक पोरगा भाच्याकडे गाडीविषयी मत विचारायला आला. भाच्याने हातवारे केले नाहीत. त्याने हिशेबाची डायरी काढून दिली आणि आधी पेट्रोलचे पान उघडायला सांगितले. मग म्हणाला, “आईलेही इचार.”

तेव्हा मी वही काढली. डॉक्टरांपासून शिक्षकापर्यंत सगळ्यांची मते होती, पण हिचे मत लिहायचे राहिले होते. आणि या गाडीसाठी हिच्याइतके मोल कोणी मोजले असेल, असे मला वाटत नाही. “सांग,” मी म्हटले. ती अंगणात धान वाळत घालीत होती. हात न थांबवता तिने सांगितले ते मी शब्दशः उतरवून घेतले :

“गाडी चांगली आहे. थांबते बरी. पैसे खाते. मागची शीट काही कामाची नाही. मी एकदाच बसली, पुलापर्यंत, अन् उतरून पायी आली.”